आंबिल ओढा हा ओढा आहे की नाला?

तुम्ही विचारलंय की पुण्यातला आंबिल ओढा मुळात ओढा आहे की सांडपाण्याचा नाला, आणि एवढ्याशा पाण्याला पूर कसा येतो. ओढाच आहे. नाला म्हटलेलं मला खपत नाही, कारण याच शब्दावरून माझं आणि थोरल्या भावाचं वाजलं होतं.

दादाने अरण्येश्वरच्या बाजूला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, ओढ्याच्या भिंतीला लागून. मी म्हटलं, पात्राला इतकं खेटून घेऊ नकोस. "अरे, नाला आहे तो, वर्षातले आठ महिने घोटाभर पाणी नसतं त्याला!" मी ओढा म्हणत राहिलो, तो नाला. शेवटी आई म्हणाली, जेवा आता.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री वहिनीचा फोन आला, "भाऊजी, संडासातून पाणी वर येतंय." मी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो, पुढे जाता येईना, दुचाक्या एकमेकींवर आपटत वाहत होत्या. ती सगळी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. सकाळी बघतो तर चिखलाची रेघ स्विचबोर्डाच्या वर, फ्रिज आडवा, तांदळाच्या डब्यात गाळ. वहिनी लग्नाच्या अल्बममधले चिकटलेले फोटो एकेक करून सोडवत होती. जवळच्याच टांगेवाला कॉलनीत त्या रात्री भिंत कोसळून माणसं गेली. त्यापुढे आमचं काहीच गेलं नाही.

नाला असता तर पेशव्यांनी त्याचं पाणी प्यायला आणलं असतं का? कात्रजच्या डोंगरातून हा ओढा येतो. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं, गावात हौद भरले. पूर्वी ओढा पेठांच्या बाजूने शनिवारवाड्याकडे जायचा, त्यांच्याच काळात तो पर्वतीकडून वळवला. सारसबागेतल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात ते तिथल्या जुन्या तळ्यामुळे, तेही याच ओढ्याच्या पाण्याचं. आता ओढा दांडेकर पुलाखालून जाऊन वैकुंठ स्मशानभूमीच्या बाजूला मुठा नदीला मिळतो.

पुराचं म्हणाल तर डोंगराचा उतार तीव्र, वाट आखूड. तलाव भरून वाहायला लागला की पाणी बघता बघता खाली येतं, आणि खाली त्याला जागा कुठे ठेवलीय? दोन्हीकडून भराव, भिंती, कचऱ्याने तुंबलेले कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्या.

दादाच्या बाजूचंही एक सांगायला हवं. आज त्यात सांडपाणीच जास्त वाहतं, वासही येतो, त्यामुळे नवख्या माणसाला नालाच वाटणार. आणि ओढ्याकाठची भिंत सगळीकडे चूक असते असंही नाही.

तिकडे घर बघत असाल तर दलालाला विचारू नका. वीस-तीस वर्षं राहिलेल्या माणसाला विचारा, पाणी कितव्या पायरीला लागलं होतं. दादाला मी हेच सांगत होतो.

फ्लॅट त्याने विकलेला नाही. भिंतींना रंग काढलाय, स्विचबोर्ड डोक्याच्या उंचीवर नेलेत. तोंडात मात्र अजून नालाच आहे.