हात आधी गेला, मग कळले

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटना मात्र तीच आहे. ते कपडे इस्त्री करत होते आणि चार वर्षांची मुलगी मागून शर्ट ओढत होती. दोनदा ओरडूनही ती हटली नाही. तेवढ्यात इस्त्रीचे टोक डाव्या हाताच्या बोटाला लागले, हात झटक्यात मागे आला आणि कोपर मुलीच्या गालावर बसले. गालावरची सूज दोन दिवसांत उतरली, पण तीन आठवडे उलटले तरी त्यांची झोप परतली नव्हती. ‘‘मी तिच्यावर चिडलोच होतो. तो राग हातातून बाहेर पडला नसेल कशावरून?’’ असे त्यांनी विचारले. ‘माझ्या हातून नकळत घडले, म्हणजे माझ्या मनात तेच होते का?’ ही शंका वेगवेगळ्या रूपांत माझ्यापुढे वारंवार येते.

‘तसे काही नसते हो’ असे म्हणून त्यांना वाटेला लावणे सोपे होते, परंतु अशा दिलाशाने अपराधी माणसाचे समाधान होत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना तो क्षण अगदी सावकाश पुन्हा सांगायला लावला. आधी काय झाले, हात हलला की भाजल्याची जाणीव झाली? बराच वेळ आठवून ते म्हणाले, ‘‘हात आधी गेला. भाजल्याचे मग कळले.’’

त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर याच क्रमात होते. विचार होण्याआधीच आपोआप घडणाऱ्या अशा हालचालीला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. बोटाच्या त्वचेतून निघालेला संदेश संवेदना वाहून नेणाऱ्या संवेदी चेतापेशींमार्फत मानेतल्या मेरुरज्जूत, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरीत पोहोचतो, तिथल्या दुवा साधणाऱ्या सहयोगी चेतापेशी तो स्नायूंना हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशींकडे सोपवतात आणि दंडाचा पुढचा स्नायू आखडतो. त्याच वेळी मागच्या स्नायूला सैल पडण्याचा आदेश जातो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांशी झुंजत बसले असते. (या परस्पर व्यवस्थेचा सखोल अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.) मेंदूला खबर जाते, पण हात मागे घेण्यासाठी त्याच्या संमतीची वाट पाहिली जात नाही. मागाहून रेंगाळणारी जळजळ आणणारे तंतू तर सेकंदाला साधारण १ मीटर इतक्या संथ गतीचे असतात; ती जाणवेपर्यंत हात केव्हाच मागे आलेला असतो. नेम धरण्यासाठी मुलगी कुठे उभी आहे याचा विचार व्हावा लागतो, आणि तो विचार करणारा अवयव या हालचालीच्या सुरुवातीला हजरच नव्हता.

‘‘पण झटका फार जोराचा होता,’’ ते म्हणाले. हा मुद्दा मला टाळायचा नव्हता. शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी ठेवलेली एक रबरी हातोडी माझ्या कपाटात असते. त्या गृहस्थांना टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसवले आणि गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टोला दिला, तेव्हा पाय जेमतेम हलला. मग दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगितले आणि तसाच टोला दिला. या वेळी पाय चांगलाच उडाला आणि ते स्वतःच दचकले. ही युक्ती हंगेरीचे वैद्य एर्नो येंद्रासिक यांनी १९व्या शतकात दाखवून दिली आणि डॉक्टर ती आजही वापरतात. शरीर ताणलेले असले की मेरुरज्जूतल्या प्रेरक चेतापेशी जणू उंबरठ्यावर येऊन उभ्या राहतात आणि तेवढ्याच इशाऱ्याला अधिक जोराने उत्तर देतात.

मी त्यांना स्पष्टपणे म्हणाले, ‘‘तुमच्या चिडण्यामुळे झटका थोडा मोठा झाला असणे शक्य आहे. मात्र झटका त्या रागातून उत्पन्न झाला नाही आणि त्याला दिशाही रागाने दिली नाही. चटका टाळण्यासाठी हात मागे यायचाच होता, आणि मागे ती उभी होती.’’ हे ऐकून ते बराच वेळ हातोडीकडे पाहत राहिले.

वारंवार, कारण नसताना हातपाय उडत असते, किंवा सोबत बधिरपणा वा अशक्तपणा असता, तर मी त्यांना आधी मेंदू-मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे पाठवले असते. इथे त्याची गरज दिसली नाही. इस्त्रीचे टेबल भिंतीपासून ओढून, मागे कुणी उभे राहू शकणार नाही असे लावायचे, एवढे ठरले.

पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की, झोप लागू लागली आहे आणि मुलगी आता रोज गुडघ्यावर टोला मारायला लावते. इस्त्रीचा विषय नंतर निघाला नाही. दोनदा ओरडावे का लागले, याविषयी मात्र आम्ही पुढच्या चार भेटी बोलत होतो.