पोस्टग्रेस डेटाबेसवर तीच क्वेरी सकाळी पळते, दुपारी रखडते. रॅम वाढवून फरक पडेल का?

रॅमच्या ऑर्डरवर आत्ता सही करू नका. तुम्ही लिहिलंय की क्वेरी तीच, डेटाही जवळपास तेवढाच, पण जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं अडतं, आणि सॉफ्टवेअरवाले म्हणतात 32 जीबीची 64 करा. अगदी याच सल्ल्यावरून मी भर मीटिंगमध्ये भांडलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. ऐन गाळपात दुपारी तीननंतर वजनकाट्यावरचा कारकून एंटर दाबून नुसता बसून राहायचा. स्लिप निघेना, मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटाबाहेर. तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटतं आणि ते पैसे शेतकऱ्याचे जातात. त्यामुळे सर्व्हर स्लो आहे, बघू उद्या, असं म्हणायची सोय नव्हती.

सॉफ्टवेअर कंपनीच्या साहेबांनी आधी एक इंडेक्स लावून दिला. फरक पडेना, तेव्हा नव्या सर्व्हरचं कोटेशन आणलं. मी म्हटलं, आधी त्या क्वेरीचं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ बफर्ससकट काढू, म्हणजे क्वेरी चालताना डेटाची किती पानं (ठरावीक मापाचे तुकडे) वाचते ते दिसेल. ते म्हणाले, त्यात काय बघायचंय, लोड वाढलाय. मी काढलंच. यार्डात उभ्या असलेल्या जेमतेम दीडशे गाड्यांच्या ओळी आणायच्या, आणि त्यासाठी शेअर्ड हिटचा, म्हणजे मेमरीतूनच वाचलेल्या पानांचा, आकडा लाखाच्या घरात. त्या ओळीत रीड, म्हणजे बाहेरून आणलेलं पान, नव्हतंच. म्हणजे एकूण एक पान आधीच मेमरीत होतं, डिस्कपर्यंत जायची वेळच आली नव्हती. मग आणखी रॅम घालून तिच्यात ठेवणार काय?

पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ मागे ठेवून नवी लिहिणं, हे तुम्हाला माहीत असेलच. यार्डातल्या स्क्रीनचा प्रोग्राम दर 10 सेकंदांनी प्रत्येक गाडीची थांबल्याची मिनिटं अपडेट करायचा. तासाला एका गाडीच्या 360 मेलेल्या ओळी. साहेबांनी इंडेक्स लावला तो नेमका याच मिनिटांच्या कॉलमवर! इंडेक्समधला कॉलम बदलला की हॉट अपडेट (इंडेक्सला हात न लावता होणारं अपडेट) होत नाही, प्रत्येक अपडेटला टेबलावरच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद पडते. त्यांच्या उपायाने दुखणं वाढलं होतं.

मेलेल्या ओळी उचलायला ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप चालणारी सफाई, होतं, आणि ते येतही होतं. पण लॉगमध्ये दर वेळी तेच: इतक्या ओळी मेलेल्या, पण अजून काढता येत नाहीत. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीत (चालू कनेक्शनांची यादी) xact_start, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेप्रमाणे लावून बघितलं तर सगळ्यात वर शेतकी विभागाचा एक पीसी, सकाळी दहापासून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसता बसलेला. रिपोर्टची खिडकी उघडली की तो प्रोग्राम कोणी उघडली त्याची एक ओळ लिहायचा आणि कमिट (ट्रान्झॅक्शन पक्कं करून बंद) करायचा थेट खिडकी बंद होताना. ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी पोस्टग्रेस काढत नाही. त्या एका ओळीपायी दिवसभराचा कचरा तुंबायचा. संध्याकाळी पीसी बंद, रात्री सफाई, सकाळी सगळं सुरळीत.

ती नोंद लगेच कमिट करायला लावली, मिनिटांवरचा इंडेक्स काढला, टेबलाचा फिलफॅक्टर 70 केला (पान 70 टक्केच भरायचं, उरलेली जागा अपडेटसाठी) आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ 5 मिनिटांवर बांधला, म्हणजे तेवढा वेळ तसं बसलेलं कनेक्शन तोडलं जातं. ही सेटिंग 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून आहे आणि मूळची बंद असते. ती बंद ठेवून सर्व्हर ग्राहकाच्या हाती देणं हा निष्काळजीपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच सर्व्हरवर पुढचं गाळप पार पडलं. नवा घ्यावा लागला नाही.

तर तुमचं. दुपारी, क्वेरी रखडलेली असतानाच, हेच एक्सप्लेन काढा. सकाळचं काढून काही कळणार नाही. मग पीजी स्टॅट यूजर टेबल्समध्ये त्या टेबलाचा एन डेड टप (मेलेल्या ओळींचा आकडा) बघा आणि जुनं ट्रान्झॅक्शन कोणाचं उघडं आहे ते शोधा. ऑटोव्हॅक्यूममुळे लोड येतो म्हणून ते बंद करा, असं कोणी सांगितलं तर त्याला पुन्हा सर्व्हरला हात लावू देऊ नका. आणि दिवसाढवळ्या व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहून काढणारी सफाई) चालवू नका, ते संपेपर्यंत टेबल पूर्ण लॉक राहतं.

हे मात्र सांगायला हवं की रीड कमिटेडमध्ये (ट्रान्झॅक्शनची मूळची पद्धत) नुसतं सिलेक्ट करून, कर्सर (अर्धवट वाचलेला निकाल) उघडा न ठेवता थांबलेलं ट्रान्झॅक्शन असं आडवं येत नाही, त्याने काही लिहिलेलं असावं लागतं. उघडं ट्रान्झॅक्शन सापडलंच नाही तर विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला डेटा पाठवायची नोंद) किंवा प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन (तयार करून कमिट न केलेलं) बघा, तीही सफाई अडवतात. आणि तुमच्याकडे हिटपेक्षा रीडच जास्त निघालं, तर मेमरीचा विचार जरूर करा. पण आधी शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसला पानांसाठी दिलेली मेमरी) मूळच्या 128 एमबीवरच राहिलेत का तेवढं बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी 32 जीबीच्या मशीनवरही तेच असतं.