सेटरशेजारी उभे राहिलेला तास

वाचकांचे प्रश्न : काम, कौशल्य आणि पुढची वाट

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातला आहे. दहावीनंतर आयटीआयमधून मशिनिस्टचा दोन वर्षांचा ट्रेड केला, त्यानंतर वर्षभर अॅप्रेंटिसशिप झाली आणि गेली साडेचार वर्षे चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथवर ऑपरेटर आहे. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) धरायचा, दार बंद करायचे, हिरवे बटण दाबायचे आणि तयार झालेला जॉब काढून ट्रेमध्ये ठेवायचा, असे एका पाळीत अडीचशे-तीनशे वेळा होते. आयटीआयत असताना मला यंत्रांची ओढ होती, आता पाळीला निघताना पाय जड होतात. मामा म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर, मित्र म्हणतो संगणकाचा एखादा कोर्स करून ऑफिसात बस. माझे वय २५ आहे. मला हे कामच आवडत नाही की मी चुकीच्या जागी आहे, हे ओळखायचे कसे?
— एक वाचक, चाकण

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला पहिली गोष्ट अशी वाटली की तुम्हाला मशिनिस्टचे काम आवडते की नाही, हे आज तुम्हीच काय, कोणीही सांगू शकणार नाही, कारण गेल्या साडेचार वर्षांत ते काम तुमच्या वाट्याला आलेलेच नाही. आयटीआयत तुम्ही मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून गिअरचे दात कापले असतील, शेपरवर पृष्ठभाग सपाट केला असेल, ग्राइंडिंग केले असेल. त्या प्रत्येक कामात काय करायचे आणि कुठे थांबायचे हे तुम्हाला ठरवावे लागत होते. आता ते ठरवणे दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेले असते आणि तुमच्याकडे फक्त बटण उरते. ओढ संपली असे मला वाटत नाही. तिला साडेचार वर्षे काही खायला मिळालेले नाही.

तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच मशीनवर, ते ठरवण्याचे काम करणारा माणूस रोज तुमच्यासमोर असतो, तो म्हणजे सेटर. जॉब बदलतो त्या तासाभरात तो काय करतो ते आठवून पाहा. तो चकचे सॉफ्ट जॉ, म्हणजे पकडीचे मऊ जबडे, नव्या जॉबच्या व्यासाला बोअर करून घेतो, डायल लावून जॉब फिरताना मध्यापासून किती सरकतो ते पाहतो, एकेक टूल टेकवून त्याचा ऑफसेट, म्हणजे त्या टूलच्या जागेचे माप, घेतो, प्रोग्रॅम सिंगल ब्लॉकवर टाकून एकेक ओळ चालवतो, पहिला नग काढतो, मोजतो, दुरुस्ती देतो आणि क्वालिटीकडून तो नग मंजूर करून आणतो. बहुतेक ऑपरेटर या तासाला विश्रांतीचा तास मानतात आणि चहाला जातात. तुम्ही जाऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. या एका तासासाठी पैसे मोजून कोर्स करणारे लोक आहेत आणि तुम्हाला तो पगार घेत पाहायला मिळतो आहे.

एक उदाहरण घेऊ. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि पुढे लहान लिपीतला एच ७ (h7) अशी टॉलरन्स लिहिली असेल, तर त्याचा अर्थ तो व्यास २४.९७९ ते २५.००० च्या आतच हवा, म्हणजे मोकळीक फक्त २१ मायक्रॉनची. तुमच्या हातातल्या साध्या व्हर्नियरचे सर्वांत लहान माप ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन असते. पूर्ण मोकळीक जेमतेम एका रेघेची असताना त्या व्हर्नियरवर विसंबून जॉब पास करणे धोक्याचे आहे आणि तिथे मायक्रोमीटरच हवा, हे ज्याला ड्रॉइंग पाहताक्षणी कळते तो बटणाच्या पलीकडे गेलेला असतो. आता इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, झिजत जाते तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. समजा माप २५.०३ आले आणि ते २५.०० वर आणायचे आहे, तर यंत्राच्या पडद्यावर वेअर ऑफसेटच्या, म्हणजे झिजेच्या दुरुस्तीच्या पानावर त्या टूलच्या एक्स रकान्यात वजा ०.०३ द्यायचे, कारण लेथवर एक्सचे माप बहुधा व्यासातच धरलेले असते. ज्या मशीनवर ते त्रिज्येत धरले असेल तिथे हीच दुरुस्ती वजा ०.०१५ होईल. हा फरक न समजता दुसऱ्याने सांगितलेला आकडा भरणारा माणूस कितीही वर्षे काम करून ऑपरेटरच राहतो.

मी स्वतः तरुणपणी एका टूल रूममध्ये कामाला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षे अशीच गेली होती. तिथल्या एका वयस्कर सेटरकाकांनी एके दिवशी मला माप घेऊन ऑफसेट द्यायला सांगितले आणि पुढचा नग निघेपर्यंत ते मुद्दाम पाठ फिरवून उभे राहिले. तो नग काढून मायक्रोमीटरमध्ये धरला आणि माप अपेक्षित जागी आले, तेव्हा मला जे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. कामातले समाधान म्हणजे काय, असे कोणी विचारले की मला तोच क्षण आठवतो. आधी काम आवडले आणि मग ते येऊ लागले, असे माझ्या बाबतीत झाले नाही. ते येऊ लागले, दुसऱ्याने माझ्या मापावर भरवसा ठेवला, आणि मग ते आवडू लागले. मुलांना आधी आवड शोधायला सांगणारे अनेक सल्लागार हा क्रम उलटा सांगतात आणि त्यामुळे ती मुले एका कोर्सकडून दुसऱ्या कोर्सकडे धावत राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तेव्हा उद्यापासून एक वही ठेवा. दर वीस नगांनी माप लिहा, इन्सर्ट कधी बदलले ते लिहा, कोणता नग रिजेक्ट झाला आणि का, ते लिहा. महिनाभरात तुम्हाला दिसेल की अमुक इन्सर्ट साधारण किती नगांनंतर हात सोडते. मग माप बाहेर जाण्याआधीच तुम्ही सेटरला हाक माराल. कारखान्यात माणूस नजरेत भरतो तो अशा हाकेने. सगळेच सेटर शिकवायला उत्सुक नसतात, आपली जागा जाईल अशी भीती त्यांनाही असते, आणि त्याबद्दल मनात राग धरू नका. जॉ साफ करून देणे, टूल काढून ठेवणे, ड्रॉइंग धरणे अशी मदत करत तिथे उभे राहा, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. प्रोग्रॅममधल्या ओळी वहीत उतरवा. जी ०० म्हणजे वेगाने जागेवर जाणे, जी ०१ म्हणजे ठरलेल्या फीडने (टूल सरकण्याच्या वेगाने) सरळ कापणे, जी ०२ आणि जी ०३ म्हणजे वर्तुळाकार वळण, एम ०८ म्हणजे कूलंट (कापताना थंड ठेवणारा द्रव) सुरू. ही भाषा लहान आहे. अवघड आहे ते त्यामागचे गणित. टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, प्रोग्रॅम लिहायला त्रिकोणमितीतला टॅन्जंट लागतो, आणि दहावीत पाठ करून विसरलेले ते कोष्टक तुम्हाला आता खऱ्या लोखंडावर भेटेल. गुरुवारच्या सुट्टीतले दोन तास दहावीच्या गणिताला द्या, असे मी सांगतो ते याच कारणासाठी.

शिक्षणाचा रस्ताही तुमच्यासाठी बंद नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकमध्ये अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. मात्र त्यासाठी बहुधा पूर्णवेळ नोकरी सोडावी लागेल आणि घरची परिस्थिती पाहूनच तो निर्णय घ्यावा. नोकरी सोडणे शक्य नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या, केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखालील संस्थांमध्ये सीएनसी आणि कॅड-कॅमचे (संगणकावर आराखडा व प्रोग्रॅम करण्याचे) कमी मुदतीचे अभ्यासक्रम असतात. पण तिथे जाण्याआधी वर सांगितलेली वही सहा महिने भरा, म्हणजे तिथे काय विचारायचे ते तुम्हाला ठाऊक असेल. अॅप्रेंटिसशिपनंतरची परीक्षा दिली नसेल तर ती द्या आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हातात घ्या. पुढे कधी शिकवावेसे वाटले, तर आयटीआयच्या निदेशकांसाठी असलेल्या एक वर्षाच्या प्रशिक्षणाला ते उपयोगी पडते.

सध्याच्या कारखान्यात वर्षभर प्रयत्न करूनही तुम्हाला ऑफसेटच्या पानाला हात लावू दिला नाही, तर ती जागा चुकीची आहे असे समजा आणि भोसरीच्या एखाद्या दहा-पंधरा मशीनच्या लहान वर्कशॉपमध्ये जा. तिथे कदाचित पगार थोडा कमी असेल आणि कँटीनही नसेल, पण दिवसाला दोन-तीन जॉब बदलतात आणि माणसे कमी असल्यामुळे सेटिंग तुम्हालाच करावे लागेल. पोलीस भरतीची ओढ तुमची स्वतःची असेल तर जरूर जा, ते मोठे आणि जबाबदारीचे काम आहे. पण पत्रात ती मामांची दिसते.

प्रश्न : मी ३९ वर्षांची असून बी. कॉम. आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत बारा वर्षे लेखनिक म्हणून काम करते. रोजकीर्द, पिग्मीचा हिशेब, थकबाकीची यादी हेच रोज असते. वरची जागा रिकामी होण्याची चिन्हे नाहीत, आणि मुले शाळेत असल्यामुळे शहर बदलता येत नाही. घरचे म्हणतात, या वयात आता काय शिकणार. तुम्हाला काय वाटते?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या बारा वर्षांच्या अनुभवाची जिथे खरी किंमत होते असे एक क्षेत्र तुमच्या टेबलाशेजारीच आहे, ते म्हणजे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण. महाराष्ट्र शासनाच्या सहकार खात्यातर्फे जी. डी. सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा पदविकेची परीक्षा दरवर्षी घेतली जाते. तिला पदवीधर बसू शकतात आणि तिच्यात लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वे व व्यवस्थापन, सहकारी कायदा असे सहा विषय असतात. ही पदविका आणि पुढे लेखापरीक्षणाचा काही वर्षांचा अनुभव, यांच्या जोरावर प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या नामतालिकेवर (पॅनेलवर) येण्यासाठी अर्ज करता येतो. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था आणि गृहनिर्माण संस्था यांनी सांगली जिल्हा भरलेला आहे, त्यामुळे शहर बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

या परीक्षेत लेखाशास्त्र तुम्हाला जड जाणार नाही, कायदा जाईल. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम कलमवार वाचावा लागतो आणि ती भाषा सुरुवातीला परकी वाटते. पण तुम्ही तो कायदा रोज पाहता आहात, फक्त कलमाच्या नावाने ओळखत नाही. वसुलीचा दाखला मिळवण्यासाठी तुमच्या संस्थेकडून निबंधकांकडे जो प्रस्ताव जातो, तो कलम १०१ खाली जातो. मार्चअखेर एखाद्या कर्जदाराचे कर्ज जुने-नवे करून थकबाकी कमी दाखवली जाते, तेव्हा नेमके काय झाकले जाते हे तुम्ही आतून जाणता, आणि चांगल्या लेखापरीक्षकाला नेमकी तीच जाण लागते. तरुण मुले ही परीक्षा पुस्तके वाचून उत्तीर्ण होतात, परंतु खातेउतारा पाहून शंका यावी एवढी नजर त्यांना यायला वर्षे लागतात. ती नजर तुमच्याकडे आजच आहे, आणि वय आड येते असे म्हणणाऱ्यांना तुम्ही हेच सांगावे असे मला वाटते.

सुरुवात अशी करा. संस्थेच्या मागच्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांच्या प्रती व्यवस्थापकांच्या परवानगीने वाचायला घ्या. लेखापरीक्षकाने कोणकोणते दोष दाखवले आहेत आणि तोच दोष दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी पुन्हा आला आहे का, ते पाहा. संस्थेला अ, ब, क किंवा ड वर्ग कशामुळे मिळाला, ते गुणांच्या तक्त्यावरून समजून घ्या. या दोषांवर कलम ८२ खाली संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल सादर करावा लागतो, आणि बऱ्याच संस्थांमध्ये हे काम नाइलाजाने, शेवटच्या आठवड्यात उरकले जाते. यंदाचा अहवाल मी तयार करते, असे तुम्ही व्यवस्थापकांना आपणहून सांगा. ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही. अभ्यासाला रोज पहाटेचा एक तास पुरे आहे, फक्त तो तास घरात सर्वांना सांगून ठरवा, आणि त्या वेळेचा चहा मुलांच्या बाबांनी करावा.