अमेरिकेतले परंपरावादी लोक स्थलांतराला विरोध करतात, तो निव्वळ वंशद्वेषच नाही का?

नाही. निव्वळ वंशद्वेष असता तर माझा सख्खा धाकटा भाऊ त्यांच्याच पंगतीला बसला नसता.

तो 2008 पासून न्यू जर्सीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. 2014 ला ग्रीन कार्डाचा अर्ज केला, अजून नंबर लागलेला नाही, कारण वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांच्या वर जात नाहीत, मग तो देश भारत असो की आइसलँड. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जावर 1 लाख डॉलर लावले. भावाला ते लागू नव्हते, तरी त्याच रात्री फोन आला. ''दादा, रेसिस्ट आहेत सगळे. आपल्याला कधीच आपलं मानणार नाहीत.'' मी म्हटलं, वरच्या मजल्याचं आठवते का रे?

झालं. फोन कट. तेव्हापासून आमचं बोलणं आईच्या गोळ्यांपुरतं.

वरच्या मजल्याचं प्रकरण असं. डिसेंबर 2022 मध्ये तो सुट्टीवर आला होता. नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा होता आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं एक कुटुंब भाड्यानं बघायला आलं. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी. नवरा मिहान या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. डिपॉझिट रोख द्यायला तयार. ते जिना उतरले आणि हा सुरू झाला. ''मराठी माणूस बघ दादा. एक हिंदीवाला आला की मागून दहा येतात. कॉलनीत मराठी उरलं काय? आईनं दिवसभर हिंदीच ऐकायची काय?'' तेवढ्यात आईनं फाटकातून दूधवाल्याला हाक मारली, ''भैया, आज आधा लीटर ज्यादा देना.''

मी हसलो, ते त्याला लागलं. पण खरं सांगतो, त्याचं म्हणणं मला शंभर टक्के चूक वाटलं नव्हतं. सीताबर्डीच्या बाजारात मराठीत भाव विचारणारा मीच राहिलो की काय असं मलाही वाटतं. आणि अमेरिकेतले परंपरावादी अगदी हेच बोलतात. माणूस कुठला, यापेक्षा किती आले, किती लवकर आले आणि आल्यावर मिसळले का, हा त्यांचा प्रश्न. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण तिथे 1910 ला 14.7 टक्के होतं, 1970 ला 4.7 वर आलं, आता पुन्हा 15 च्या आसपास आहे. 1924 च्या स्थलांतर कायद्यानं दार जवळजवळ लावलं, 1965 च्या कायद्यानं उघडलं. मधल्या चाळीस वर्षांत इटालियन, पोलिश वगैरे लोकांना अमेरिकन व्हायला सवड मिळाली, असं ते सांगतात. शिवाय 1986 ची फसवणूक त्यांच्या मनातून जात नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुमारे 27 लाख बेकायदा लोकांना कायदेशीर करून घेतलं, बदल्यात पुढे कडक बंदोबस्त होणार होता. तो झाला नाही. म्हणून आता कोणी तडजोडीचं बोललं की उत्तर ठरलेलं, आधी सीमा, मग बाकी. यात मला वावगं काही दिसत नाही. मार्च 2025 मध्ये इंग्रजी अधिकृत भाषा केली, त्यावर भाऊ किती चिडला! इकडे दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून फॉरवर्ड पाठवणारा तोच.

मी मजला बालाघाटवाल्यांनाच दिला. बालाघाट काय परमुलूख आहे का? 1956 पर्यंत ते आणि आपण एकाच राज्यात, राजधानी नागपूर. आणि मुळात हे शहर वसवलं बख्त बुलंद शाह या गोंड राजानं. भोसल्यांचे मराठे नंतर आले. म्हणजे बाहेरचे कोण, हे कोणत्या सालापासून मोजायचं ते आधी ठरवा.

त्या पोरीला शाळेत मराठी सक्तीचं आहे. अभ्यास घेऊन खाली यायची, पण 'ळ' काही जमेना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मारबत, म्हणजे काळ्या-पिवळ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, दाखवायला महाल भागात नेलं. खांद्यावर बसून ''पिवली, पिवली'' ओरडत होती. बाजूची एक म्हातारी म्हणाली, ''पोरी, जीभ मांगं दुमडून म्हण.'' तिनं तोंड वाकडं केलं, दोनदा थुंकी उडाली, तिसऱ्यांदा 'पिवळी' निघालं. माझ्या पुतणीला चौदाव्या वर्षी येत नाही, कारण तिच्याशी घरात कोणी मराठी बोललंच नाही. मिसळायचं म्हणजे असं, पण त्याला म्हातारीही लागते. परंपरावादी नुसतं पाहुण्याकडून मागतात, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं, 1924 चा कायदा वंशाधारितच होता, आशियातल्या लोकांना त्यानं सरळ वगळलं, आणि आजही त्या गर्दीत खरे वंशद्वेष्टे आहेतच. बेकायदा घुसखोरी हा वेगळा विषय, त्याची मी बाजू घेत नाही. तुम्ही 'निव्वळ' विचारलंत म्हणून नाही म्हणालो.

आणि धाकट्या, वाचत असशीलच. दर महिन्याच्या 5 तारखेला तुझ्या एनआरओ, म्हणजे परदेशस्थांच्या इथल्या, बँक खात्यात अर्धं भाडं जमा होते ना, ते त्याच बालाघाटवाल्यांचं आहे. तीन वर्षांत एकदाही उशीर नाही.