मान वाकडी झालेल्या कोंबडीला काय द्यावे?

प्रश्न (गुहागर तालुका): परसात माझ्या 14 गावठी कोंबड्या होत्या. राखणीला (गावाच्या राखणदार देवाला) द्यायला बाजारातून कोंबडा आणला, तो चार दिवस आमच्याच खुराड्यात होता. नंतर कोंबड्या हिरवट-पांढरे हगू लागल्या. 5 मेल्या, दोघींची मान मागे पिळली आहे. मेडिकलमधून कॅप्सूल आणून पाण्यातून दिल्या, लसणीचा रस पाजला. गुण नाही. आता काय द्यावे?

उत्तर: ताई, लक्षणे राणीखेतची दिसतात. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात. आजार विषाणूचा आहे. कॅप्सूल जिवाणूंवर चालते, विषाणूवर नाही, त्यामुळे तुमचे पैसे वाया गेले हे स्पष्टच सांगतो. लसूण-हळदीने अपाय नाही, पण चोच उघडून रस ओतू नका. तो श्वासनळीत गेला तर आजाराआधी त्यानेच कोंबडी जाते.

पहिले काम फोनचे. बर्ड फ्लूची सुरुवातही अशीच दिसू शकते आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखता येत नाहीत. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हा हा आजार कोकणाबाहेरचा समजू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 वर कळवा. तपासणी होईपर्यंत मेलेली कोंबडी उघड्या हाताने धरू नका. आजारी कोंबडीवर सुरी फिरवून रस्सा करण्याची आपली जुनी सवय इथे अजिबात नको. वहाळात किंवा खाडीत टाकणे तर नाहीच, त्याने खालची वाडीही आजारी पडते. विहिरीपासून लांब तीन-चार फूट खड्डा काढून वर चुना टाकून पुरा.

उरलेल्यांपैकी ज्या सुस्त आहेत त्यांना मांगरात डालग्याखाली वेगळे ठेवा. चाऱ्यापाण्याला आधी चांगल्या कोंबड्यांकडे जा, मग आजाऱ्यांकडे, आणि हातपाय धुऊनच परता. पिण्याच्या पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घाला, मऊ भात किंवा भिजवलेली कणी द्या. यातून एखादी तगेल. मान मात्र काहींची वाकडीच राहते.

खरे औषध आजाराआधीचे, म्हणजे लस. पिल्लू 5 ते 7 दिवसांचे असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एक, आणि 8 आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस अर्धा मिली कातडीखाली. मोठ्या कोंबड्यांना दर सहा महिन्यांनी. मग लोक का देत नाहीत? कुपी निदान शंभर कोंबड्यांची येते आणि घरात असतात बारा! शिवाय द्रव मिसळल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. म्हणून एकट्याने धडपडू नका. वाडीतल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवा, दवाखान्याला आधी सांगा आणि कुपी थर्मासात बर्फ घालून आणा. खिशात घालून उन्हातून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी. वेळ पहाटेची ठेवा, खुराड्याचे दार उघडण्याआधी. एकदा सुटली की कोंबडी कुंपणापलीकडे, आणि तिच्यामागे आपण. लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचे औषध द्यावे. हे सगळे मे महिन्यातच उरकलेले बरे. आजारी कोंबडीला लस टोचू नका.

आणि राखणीचा कोंबडा. मान देवाचा असला तरी आजार बाजारातला असतो. ज्या दिवशी द्यायचा त्याच्या आदल्या दिवशी आणा आणि दुसऱ्या बाजूला बांधा. पाळायचीच असेल ती कोंबडी निदान पंधरा दिवस वेगळी ठेवा.

प्रश्न (मालवण): पावसात पिल्ले रक्त हगतात, पंख पाडून बसतात.

उत्तर: ही रक्ती हगवण. खालचा तूस ओला राहिला की तिचे सूक्ष्म जीव वाढतात. औषध आहे, अँप्रोलियम. वजन आणि वयाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारून पाण्यातून द्या आणि सांगितलेले दिवस पुरे करा. पण तूस बदलला नाही तर औषध पुन्हा पुन्हा लागेल. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या, पागोळ्या आत येणार नाहीत अशा बाजूला. ओला तूस काढून माडाच्या आळ्यात टाकायला हरकत नाही, फक्त तिथे पिल्ले फिरू देऊ नका.

प्रश्न (श्रीवर्धन): तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड.

उत्तर: हा देवीचा रोग. डास चावून पसरतो. खपल्या ओरबाडू नका. खोबरेल तेलात हळद कालवून लावा, डोळे कोमट मीठपाण्याने पुसा, संध्याकाळी खुराड्याला जुनी मच्छरदाणी बांधा. याचीही लस आहे, पंखाच्या पातळ कातडीत टोचतात.

प्रश्न (देवगड): कोंबड्या सारख्या पाणी पितात, पातळ हगतात, अंड्यांचे कवचही मऊ येते.

उत्तर: सुक्या खाऱ्या मासळीची डोकी घालता का, ते आधी पाहा. जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. घालायचीच तर रात्रभर पाण्यात भिजवून, पाणी फेकून, थोडीशीच. कवचासाठी तिसऱ्यांचे शिंपले स्वच्छ धुऊन, वाळवून, कुटून एका करवंटीत वेगळे ठेवा. हवे तेवढे त्या स्वतः टिपतात.