जानेवारीत तीन रात्री जयपूर: थंडीचे कपडे घेऊनही ७ किलोच्या केबिन बॅगेत भागेल का?

प्रश्न असा आहे: मुंबईहून विमानाने जयपूर, तीन रात्री, नवरा-बायको दोघंच, प्रत्येकी एकच केबिन बॅग. भागतं, आणि परतीच्या खरेदीला वजनही उरतं. फक्त सुरुवात कपड्यांपासून करू नका, बॅगेपासून करा.

बहुतेक देशी विमान कंपन्यांची इकॉनॉमीची मर्यादा ७ किलो आणि साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी अशी आहे. सोबत एक पर्स किंवा लॅपटॉपची पिशवी चालते. या ७ किलोत बॅगेचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे बरेच जण विसरतात. चाकांची कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच ते तीन किलो भरते. तीस-पस्तीस लिटरची साधी पाठपिशवी एक-सव्वा किलोत बसते. म्हणजे एकही कपडा कमी न करता दीड किलो वाचतो. पाठीचा त्रास असेल तर ट्रॉलीच घ्या, पण मग खाली दिलेल्या हिशोबात तेवढी भर धरा.

आता थंडी. जानेवारीत जयपूरला पहाटे पारा ८ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी २२-२३ पर्यंत चढतो. सकाळी नाहरगडावर वारा बोचतो, तर दुपारी जंतरमंतरच्या उघड्या अंगणात स्वेटर काढावासा वाटतो. एक जाडजूड जॅकेट इथे निरुपयोगी आहे: घातलं तर घाम, काढलं तर दिवसभर हातात ओझं. त्याऐवजी एकावर एक घालता येतील असे पातळ थर घ्या. आत थर्मल, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता, त्यावर पातळ लोकरीचा स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं हलकं जॅकेट. थर्मलचा वरचा आणि खालचा भाग मिळून साडेतीनशे ग्रॅम होतो आणि तोच रात्री झोपायला चालतो, त्यामुळे नाइट ड्रेस वेगळा लागत नाही. कानटोपी आणि मफलर मिळून दोनशे ग्रॅम. थंडीच्या बाबतीत इतक्या कमी वजनात इतका आराम दुसरी कुठलीच वस्तू देत नाही. जीन्स असेल तर एकच, आणि ती अंगावर. पुरुषी जीन्स सहा-सातशे ग्रॅमची असते, धुतली तर दिवसभर वाळत नाही. बॅगेत सुती किंवा मिश्र कापडाची पॅन्ट ठेवा, चारशे ग्रॅम.

विमानात अंगावर: जीन्स, टी-शर्ट, स्वेटर, बूट. जॅकेट हातात. मुंबईत विमानतळावर पोचेपर्यंत स्वेटर नकोसा होईल, तो कमरेला बांधा.

बॅगेत पुरुषांसाठी साधारण असं भरतं: पॅन्ट ४०० ग्रॅम, दोन शर्ट ४००, थर्मल ३५०, आतले कपडे आणि मोजे ३००, टोपी-मफलर २००, चपला २५०, आंघोळीचं सामान ५००, चार्जर आणि पॉवर बँक ३५०, औषधं १००, घडीची कापडी पिशवी ८०. बेरीज तीन किलोच्या आतच. पाठपिशवी धरून चार किलो. बायकांच्या बॅगेत शर्टांच्या जागी दोन कुर्ते आणि एक लेगिंग येतं. जॅकेटऐवजी लोकरी शाल घेतली तरी उत्तम, ती विमानातही पांघरता येते. एक साडी न्यायचीच असेल तर परकर-ब्लाउज धरून पाऊण किलो मोजा. वजनात बसते, फक्त इस्त्री मोडते.

टॉवेल नेऊ नका. जाड टॉवेल अर्धा किलोचा असतो आणि हॉटेलात मिळतोच. धर्मशाळेत उतरणार असाल तर आधी विचारा आणि पातळ पंचा घ्या. आतले कपडे आणि मोजे दोन-तीन जोड पुरतात, पण एक संध्याकाळ धुवायला लागेल. गीझरच्या पाण्यात धुवून हाताने पिळा, मग हॉटेलच्या कोरड्या टॉवेलात गुंडाळून जोर लावून पुन्हा पिळा. ही दुसरी पायरी गाळली तर जाड सुती मोजे सकाळी ओलेच राहतात.

आंघोळीच्या सामानात मुंबईकरांची हमखास फजिती करणारी गोष्ट म्हणजे खोबरेल तेल. ते २४ अंशांच्या खाली थिजतं आणि अरुंद तोंडाच्या बाटलीतून थेंबही बाहेर येत नाही. रुंद तोंडाच्या छोट्या डबीत घ्या, बोटाने काढता येतं. दुसरं म्हणजे व्हॅसलीन: आपल्या दमट हवेला सरावलेले ओठ तिथल्या कोरड्या थंडीत लवकर फुटतात. शॅम्पूची बाटली नको, पाउच पुरे.

बूट एकच जोड, तीही वापरून सैल झालेली. आमेरला चढण आणि दगडी फरसबंदी आहे. नव्या बुटाने तिथे फोड येतात. गोविंददेवजींच्या मंदिरात पादत्राणं बाहेर काढावी लागतात आणि सकाळी फरशी बर्फासारखी गार असते, म्हणून मोज्यांचा एक जाड जोड दिवसभराच्या पिशवीत असू द्या.

हवा काढून कपडे दाबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. जागा वाचते, वजन तेवढंच राहतं, उलट बॅग भरलेली वाटत नाही म्हणून आपण आणखी कोंबतो. परतताना हवा नीट काढता आली नाही तर तेच कपडे बॅगेत मावत नाहीत. टी-शर्ट आणि थर्मल गुंडाळा, कुर्ते आणि पॅन्ट घडी करून सपाट ठेवा. जड वस्तू पाठीला लागून, द्रवपदार्थ झिपच्या पिशवीत सगळ्यात वर.

वजन घरीच करा. वजनकाट्यावर आधी नुसते, मग बॅग घेऊन उभे राहा आणि फरक काढा. पाच किलोच्या वर गेलं तर काहीतरी काढा, कारण जयपूरहून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. लाखेच्या बांगड्या मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा, कडेला ठेवल्या तर तडकतात. रजई हलकी असली तरी जागा खाते. ती दुकानातून कुरिअरने घरी पाठवून द्या.

तिकिटात चेक-इन सामान धरलेलं आहे का, तेही पाहून ठेवा. बऱ्याच देशी तिकिटांत १५ किलो असतं, स्वस्त भाड्यांत नसतं. असेल तर येताना हीच बॅग चेक-इन करा आणि खरेदी कापडी पिशवीत हातात घ्या. त्याआधी पॉवर बँक मात्र आठवणीने बाहेर काढा. ती चेक-इन सामानात चालत नाही आणि स्कॅनरमध्ये दिसली तर बॅग उघडायला तुम्हाला परत बोलावतात.