साइट एचटीटीपीएस असेल तर डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम तपासायची खरंच गरज आहे का?

आहे. चेकसम म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. एचटीटीपीएसमुळे (साइट आणि तुमच्यातला सुरक्षित दुवा) फाइल वाटेत कोणी बदलत नाही, एवढंच. सर्व्हरवरच बदललेली असेल तर ती तितक्याच सुरक्षितपणे तुमच्याकडे येते.

'एचटीटीपीएस आहे ना, मग?' हे वाक्य मी फार ऐकलंय. २०१९मध्ये हिंजवडीत होतो. आमची बिल्ड स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर आपोआप तयार करणारी) एका व्हेंडरच्या साइटवरून झिप उतरवायची आणि थेट रूटने, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारांनी, इन्स्टॉल करायची. मी त्यात शा-२५६ची (चेकसमचाच एक प्रकार) तपासणी घातली, मोजून तीन ओळी. दोन महिने कोणाला पत्ताही नव्हता. मग एका शुक्रवारी रात्री रिलीज अडकलं, आकडा जुळेना. आमचे लीड (आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो) फोनवर असे तापले की विचारू नका. एक वाजता कळलं, व्हेंडरने व्हर्जन नंबर तोच ठेवून आतली फाइल गुपचूप बदलली होती. व्हायरस-बियरस काही नाही. 'बघ, उगाच बोंब!' म्हणत सरांनी सोमवारी माझ्या ओळी उडवल्या. अहो, न सांगता बदललेली फाइल पकडली, त्यासाठीच तर त्या होत्या!

एप्रिल २०२१मध्ये कोडकोव्हचं (कोडची किती चाचणी झाली ते मोजणारी सेवा) प्रकरण बाहेर आलं. त्यांची बॅश अपलोडर स्क्रिप्ट ३१ जानेवारीपासून बदललेली होती आणि लोकांच्या सीआयमधले (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) टोकन, पासवर्ड बाहेर पाठवत होती. टीमच्या टीम ती कर्ल या डाउनलोडच्या कमांडने ओढून सरळ बॅशला चालवायला देत होत्या. पकडली एका ग्राहकाने. गिटहबवरचा (कोड ठेवायची साइट) शासम, म्हणजे शा चेकसम, आणि उतरवलेल्या फाइलचा शासम ताडून पाहिला, बस्स. मी ती बातमी जुन्या ग्रुपवर टाकली. सरांनी अंगठा दाखवला. इमोजीतला.

आता हेही खरं, की चेकसम त्याच पानावरून घेतला तर फारसा उपयोग नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट फोडून आयएसओची (इन्स्टॉल करायची फाइल) लिंक बॅकडोअरवाल्या, म्हणजे चोरवाट घातलेल्या, फाइलकडे वळवली होती. पान ज्याच्या ताब्यात, त्याला शेजारचा आकडा बदलायला कितीसा वेळ? जीपीजी सही (फाइल बनवणाऱ्याने स्वतःच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही) असेल तर ती तपासा. अर्थात २०१७मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या प्रोग्रामची अधिकृत सही असलेली फाइलच बाधित निघाली, तिथे हे सगळं करूनही काही कळलं नसतं. घरच्या उबुंटूवर (हीसुद्धा लिनक्सच) तिच्याच ॲप्ट इन्स्टॉलरने घेत असाल तर सह्या तोच तपासतो, डोकं शिणवू नका.

पण ऑफिसच्या स्क्रिप्टमधून तपासणी काढायला कोणी सर सांगत असतील, तर ईमेलवर लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.